एका दिवसाची डोंगरयात्रा

डोंगरात एक दिवस जाऊन यावयाचे ठरले, म्हणजे बहुतेक घरांत चर्चा होते ती शिदोरीची, गाडीची आणि कोण कोण येणार याची. परत कोणत्या घटकेस फिरावयाचे हा प्रश्न सहसा कोणी काढीत नाही. पाहावयाचे पाहून झाले की परतू, असे गृहीत धरलेले असते. परंतु साऱ्या बेताची मेख तेथेच आहे. निघण्याची वेळ आपण ठरवू शकतो. अंधार पडण्याची वेळ ठरलेली असते. तेव्हा डोंगरातील दिवसाचा हिशेब सकाळपासून संध्याकाळकडे न मांडता संध्याकाळपासून सकाळकडे मांडावा, हे आज श्रोत्यांपुढे ठेवावयाचे आहे. आणि हे हवेत बोलण्याऐवजी एखादे स्थळ डोळ्यांपुढे ठेवून बोललेले बरे, म्हणून सातपुड्यातील पचमढी घेतो.

मराठी माणसास पचमढी परकी नाही. महाशिवरात्रीच्या यात्रेस विदर्भातून भाविकांचे जथे चौरागडावर चढतात. नवसाचे त्रिशूळ खांद्यावरून वर नेऊन ते महादेवाला अर्पण करतात, आणि देवळाच्या आवारात त्या त्रिशुळांची अशी दाटी झालेली असते की, लोखंडाचे लहानसे रानच उगवले आहे असे वाटावे. नागद्वारची यात्रा भरते ती नागपंचमीच्या सुमारास. तिच्यातही मराठी बोलणाऱ्यांचा भरणा मोठा. इंदूर-ग्वाल्हेरकडील मंडळी उन्हाळ्यात थंड हवेसाठी येतात ती वेगळीच. पिपरिया स्थानकावर उतरून सुमारे पन्नास किलोमीटरचा घाट चढला की, समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून थोडे अधिक उंचीचे हे पठार लागते. त्याच्या कडेने सातपुड्याची उंच शिखरे उभी आहेत. धूपगड हे त्यांतील सर्वांत उंच, सुमारे १३५० मीटर. चौरागडही उंचीने त्याच्या फारसे मागे नाही. सातपुडा राष्ट्रीय उद्यान १९८१ साली स्थापन झाले. पुढे सातपुडा, बोरी आणि पचमढी ही लगतची रक्षित वने मिळून वाघांचा राखीव प्रदेश झाला. म्हणजे आपण जातो ते नुसत्या टेकडीवर नव्हे. दुसऱ्याच्या घरात पाहुणे म्हणून जातो, आणि त्या घराचे काही नियम आहेत. कोणत्या वाटेस परवाना लागतो, कोठे वनखात्याचा वाटाड्या बरोबर घ्यावाच लागतो, फाटक किती वाजता बंद होते, या गोष्टी ऋतूनुसार बदलतात. त्यांची चौकशी आदल्या दिवशी कचेरीतच करावी, चहाच्या दुकानावर नव्हे.

आता हिशेब. डिसेंबरच्या मध्यास पचमढीला सूर्य साडेपाचनंतर पाचेक मिनिटांत मावळतो. पणजीला किंवा बेळगावला त्याच दिवशी तो सहाच्या पुढे मावळतो. घड्याळ साऱ्या देशाचे एकच, पण सूर्य पूर्वेकडील गावांना आधी सोडून जातो. शिवाय हिवाळ्यात उत्तरेकडचा दिवस दक्षिणेपेक्षा लहान. तेव्हा गोव्याहून किंवा बेळगावाहून आलेल्या माणसाने अंगवळणी पडलेल्या अंदाजाने ‘अजून अर्धा तास उजेड आहे’ असे मनाशी म्हटले, तर तो अर्धा तास तेथे नसतोच. आपल्याकडील संधिप्रकाशही तुटपुंजा. सूर्य बुडाल्यावर पायाखालची वाट दिसेल असा उजेड पंचवीस मिनिटांच्या वर राहत नाही. आणि दाट सालवनात किंवा खोल दरीत तर सूर्य मावळण्याच्या आधीच झाकोळून येते. म्हणून उजेडाची अखेर साडेपाच न धरता साडेचार धरावी, आणि त्या वेळी आपण डोंगर उतरून गाडीरस्त्यावर पोहोचलेले असावे.

चालण्यास वेळ किती लागेल, याचा एक ठोकताळा स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली सांगितला, तो आजही वापरात आहे. सपाटीवर दर तीन मैलांस एक तास, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांस आणखी एक तास. आपल्या मापात, पाच किलोमीटरला एक तास व सहाशे मीटर चढाला एक तास. बारा किलोमीटरची वाट आणि एकंदर चढ सहाशे मीटर असेल, तर चालण्याचे दोन तास चोवीस मिनिटे आणि चढाचा एक तास, मिळून तीन तास चोवीस मिनिटे झाली. मात्र हा हिशेब थंड मुलखातल्या, काटक आणि सरावलेल्या माणसाचा आहे. त्यात विश्रांती नाही, शिदोरी सोडणे नाही, छायाचित्रांसाठी थांबणे नाही, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांचा तर विचारच नाही. आपल्या घरच्या मंडळींसाठी त्यात निदान निम्म्याची भर घालावी. म्हणजे त्याच वाटेस पाच तास. मुले बरोबर असतील तर याहूनही अधिक. आणि वेग नेहमी सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा धरावा. पुढे धावणाऱ्या पुतण्याचा धरू नये.

हे चौरागडाला लावून पाहू. महादेवाच्या गुहेपर्यंत गाडी जाते. तेथून शिखरापर्यंत जाऊन येण्याचे अंतर सात-आठ किलोमीटर भरते, आणि वरच्या बाजूस तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. नेस्मिथच्या ठोकताळ्याने हे काम दोन तासांचे दिसते; व्यवहारात वरील विसाव्यासह साडेचार तास धरावेत. सकाळी नऊला पायथा सोडला तर अकराला माथ्यावर, तासभर दर्शन आणि विसावा, आणि दीड वाजण्याच्या सुमारास आपण पुन्हा खाली. यात कसलीच घाई नाही. परंतु प्रत्यक्षात काय होते? सकाळ जटाशंकरात जाते, मग गुप्त महादेव, मग बडा महादेव, मग भोजन; आणि एक वाजता कोणीतरी म्हणते, ‘आता आलोच आहोत तर चौरागडही करून टाकू.’ एकला निघालेली मंडळी तीनला वर पोहोचतात, चारला उतरू लागतात, आणि साडेपाचला, पाय सर्वांत थकलेले असताना, सर्वांत कमी उजेडात पायऱ्या शोधीत असतात. ‘करून टाकू’ हा शब्दप्रयोग स्वयंपाकघरात ठीक आहे. डोंगराच्या बाबतीत तो ऐकू आला की सावध व्हावे.

यावर उपाय एकच. परत फिरण्याची वेळ घरीच ठरवावी आणि ती सर्वांस सांगून ठेवावी. साडेचारला खाली असावयाचे आणि उतरण्यास दीड-दोन तास, तर अडीच वाजता पाठ फिरवली पाहिजे. अर्धा तास हाताशी ठेवून ती वेळ दोन धरू. दोन वाजता आपण जेथे असू तेथून मागे फिरावयाचे, मग शिखर पन्नास पायऱ्यांवर का असेना. हे ऐकावयास सोपे आणि पाळावयास फार कठीण आहे. वर पोहोचण्याच्या ओढीपुढे घड्याळ नेहमी खोटे वाटते, आणि मागे फिरा म्हणणारा माणूस त्या दिवसापुरता सर्वांच्या नजरेतून उतरतो. म्हणून हा अधिकार निघण्यापूर्वीच एकाकडे सोपवावा. यात्रेचे जुने जथे याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणे. माहितगार माणूस पुढे असतो, आणि तो उठा म्हणाला की सारे उठतात.

चढण्यापेक्षा उतरण्याची भीती अधिक बाळगावी, याचे कारण पायांतही आहे आणि दगडातही. उतारावर मांड्या आणि गुडघे शरीराचा भार सावरीत असतात. चढताना दमलेले स्नायू त्या कामास अपुरे पडतात. आणि पचमढीचा दगड सह्याद्रीसारखा काळा, घट्ट नाही. तो वालुकाश्म आहे. नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचे थर कोट्यवधी वर्षांपूर्वी दडपून झालेला. तो झिजला की वरच्या बाजूस सुट्या वाळूचा आणि बारीक गोट्यांचा थर राहतो, आणि तिरप्या खडकावर त्यावरून पाय असा सटकतो की जणू खाली मोहऱ्या पसरल्या आहेत. त्यावर वाळका पाला पडलेला असेल तर विचारूच नये. गुळगुळीत तळव्याच्या चपलांनी येथे येऊ नये. जुने, पायात मुरलेले, खाचांच्या तळव्याचे बूट बरे. नवे कोरे बूट डोंगरात पहिल्यांदा घालणे म्हणजे संध्याकाळचे फोड सकाळीच मागवून ठेवणे आहे.

याच दगडाने आणखी एक घात मांडून ठेवला आहे, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वाट चुकल्यास ओढा धरून खाली उतरावे, पाणी माणसाला वस्तीपर्यंत नेते, असा एक समज आपल्याकडे फार रूढ आहे. सपाट मुलखात तो खराही असेल. पचमढीच्या पठाराला पाण्याने उभे चिरले आहे. तेथे दरीला ‘खोह’ म्हणतात, आणि हांडी खोहच्या काठावर उभे राहिले म्हणजे त्या शब्दाचा अर्थ पोटात कळतो. येथील ओढा पाहता पाहता कड्याच्या ओठावर येऊन खाली उडी घेतो. रजतप्रपाताची उंची शंभर मीटरांच्या वर आहे. ओढ्यामागून गेलेला माणूस आधी एक लहान पायरी उतरतो, मग दुसरी, आणि तिसरीपाशी त्याला कळते की खाली जाता येत नाही आणि आलेली पायरी परत चढताही येत नाही. सह्याद्रीतही हेच घडते. तेथे दगड वेगळा, कडे तेच. म्हणून वाट हरवली असे वाटताच थांबावे. शेवटची ओळखीची खूण जेथे दिसली होती तेथवर, आल्या पावलीच, मागे जावे. ती सापडली नाही आणि अंधार होत आला, तर उघड्या जागी एकत्र बसून राहावे व शिट्टी वाजवीत राहावे. शिट्टीचा आवाज हाकेपेक्षा दूर जातो आणि घसा बसत नाही. खोहाच्या पलीकडे दिसणारा दिवा ‘इथेच तर आहे’ असे वाटावयास लावतो. पण त्याच्या आणि आपल्यामध्ये काय आहे ते रात्री दिसत नसते.

सामानाविषयी फार लांबण लावीत नाही. पाणी माणशी तीन लिटर. वाटेत मिळेल या भरवशावर राहू नये, कारण या दगडातून पाणी झिरपून खाली जाते आणि माथ्याकडील भाग हिवाळ्यानंतर कोरडा पडतो. हातबत्ती प्रत्येकाजवळ, तीही मोबाइलमधील नव्हे, निराळी. मोबाइलची वीज हाक मारण्यासाठी राखून ठेवावी. खोहांतून त्याला हाक ऐकू येईलच असेही नाही. एक लोकरीचा कपडा दुपारी ओझे वाटतो, परंतु हिवाळ्यात रात्री येथे पारा चार-पाच अंशांवर येणे नवलाचे नाही, आणि घामाने भिजलेला सदरा त्या गारव्यात अंगावर बर्फासारखा बसतो. खाण्याचे पदार्थ पिशवीत बंद ठेवावेत. वानरांना देऊ नयेत, आणि त्यांच्यापुढे खाऊही नयेत.

जनावरांची भीती लोक वाघापासून सुरू करतात. डोंगरात पायी चालणाऱ्याने आधी अस्वलाचा विचार करावा. अस्वलाची दृष्टी मंद. ते जवळ येईपर्यंत त्याला आपण कळत नाही, आणि एकदम समोर आले की ते घाबरून अंगावर येते. पहाटे, सांजवेळी आणि मोहाच्या फुलांच्या दिवसांत हा प्रसंग येण्याचा संभव अधिक. दाट झाडीतून बोलत चालावे, म्हणजे ते आपणहून बाजूस होते. सांजवेळ टाळण्याचे हे आणखी एक कारण. आग्या माश्यांची पोळी कड्यांच्या कपारींना लोंबत असतात. त्यांच्याखाली धूर करू नये, दगड मारू नये, उग्र अत्तर लावून जाऊ नये. माश्या उठल्याच तर डोके-तोंड कपड्याने झाकून तेथून दूर पळावे. सर्प चावल्यास चिरणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये. दंशाचा अवयव न हलवता माणसाला उचलून शक्य तितक्या लवकर रुग्णालयात न्यावे; खरे औषध तेथेच मिळते.

पावसाळ्यातील मोह निराळा असतो. धबधबे भरलेले, रान हिरवेगार. पण तेव्हा उद्यानाच्या बऱ्याच वाटा बंद असतात आणि वाळुकाश्मावर शेवाळ धरते. आपल्या डोक्यावर ऊन असताना वर कोठेतरी पडलेला पाऊस ओढा अर्ध्या तासात कमरेपर्यंत आणू शकतो. जाताना घोट्यापर्यंत असलेले पाणी येताना गुडघ्यावर दिसले, तर पलीकडे जेवण गरम आहे म्हणून त्यात पाय घालू नये. पाणी जसे चढते तसे उतरतेही. काठावर बसून राहावे. पहिल्यांदा जाणाऱ्याने ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ निवडावा हे उत्तम.

शेवटी एक चिठ्ठी. कोण कोण गेलो, कोणत्या वाटेने गेलो, परत फिरण्याची वेळ कोणती, आणि संध्याकाळी किती वाजेपर्यंत न आल्यास वनखात्याला व पोलिसांना कळवावे, एवढे कागदावर लिहून ते उतरलेल्या ठिकाणच्या व्यवस्थापकाकडे किंवा घरी राहिलेल्या माणसाकडे द्यावे. बेत बदलला तर चिठ्ठीही बदलावी; चौरागडाची चिठ्ठी देऊन धूपगडाला गेलेल्यांचा शोध चौरागडावर होतो. आणि परत आल्यावर, पाय धुण्याच्याही आधी, ज्याच्याकडे ती दिली असेल त्याला आलो म्हणून सांगून ती परत घ्यावी. नाहीतर आपण गरम चहा घेत बसलेले असतो, आणि वनखात्याचे दोन नोकर कंदील घेऊन आपल्यासाठी पायऱ्या चढत असतात.