माथेरानला जाताना गाडी कुठे लावावी?

माथेरानच्या गावात मोटारींना बंदी आहे. गाडी दस्तुरी नाक्यावरच लावावी लागते. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. मागच्या सुट्टीत आम्ही रविवारी दुपारी पोहोचलो, तर वाहनतळ भरलेला. गाडी पार खाली लावली आणि गुडघे धरलेल्या अम्मींना चढावर चालवत नेले. ती चूक आमचीच!

दौंडकरांनी गाडी घरीच ठेवावी. कर्जतला थांबणारी रेल्वे पकडावी, लोकलने नेरळ गाठावे आणि शेअर टॅक्सीने दस्तुरीला यावे. शिरूरला रेल्वे नाही, त्यामुळे शिक्रापूर-चाकण-तळेगावमार्गे गाडीच बरी. पण पहाटे निघावे आणि शनिवार-रविवार टाळावा.

नाक्यावर सामान व म्हातारी माणसे आधी उतरवा, मग गाडी लावा. जवळच्या अमन लॉज स्थानकातून छोटी रेल्वे थेट बाजारपेठेत नेते, पावसाळ्यातही. नेरळहून येणारी गाडी मात्र पावसाळ्यात बंद असते. हा रेल्वेमार्ग अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी 1907 मध्ये पूर्ण केला, हे मुलांना जरूर सांगा. तिकिटाची रांग मोठी असते. एकाने आधी तिथे उभे राहावे. घोड्याचे भाडे बसण्यापूर्वीच ठरवा. अम्मी तर घोड्यावर बसायला तयारच नव्हत्या.