कुणाकडे उतरलात?

हिंगोली जिल्ह्याच्या लिखित इतिहासात देवळांना जागा आहे, छावणीला आहे, संतांना आहे; पण त्यांच्या ओढीने आलेला माणूस रात्री कुठे निजला, याला नाही. औंढ्याचे यादवकालीन नागनाथ मंदिर, संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून परंपरेने मानलेले कयाधूकाठचे नर्सी, शिरड शहापूरचे जैन मंदिर ही इथली जुनी यात्रास्थळे. भक्तनिवास आणि लॉज अगदी अलीकडचे. त्याआधी यात्रेकरू उतरायचा तो देवळाच्या ओवरीत, धर्मशाळेत, नाहीतर गावातल्या एखाद्या घरात. उपाध्यायाच्या, पाटलाच्या किंवा ओळखीच्या व्यापाऱ्याच्या. अशी जी घरे आज उरली आहेत, त्यांची नोंद तातडीने व्हायला हवी. आणि ती नुसत्या लाकूडकामाची आणि कमानींची नको, वापराची हवी. घरात कोण येत होते, कुठवर येत होते, कुठे जेवत आणि कुठे झोपत होते, हे कळले तरच त्या घराचा इतिहास कळला असे म्हणता येईल.

ओळखीच्या घरी उतरणे ही एके काळी केवळ सोय नव्हती, जिवाची हमी होती. ठगांची पद्धत सर्वश्रुत आहे: वाटेत प्रवाशांशी गोड बोलून सलगी करायची, त्यांच्याबरोबर मुक्काम करायचा आणि विश्वास बसला की गळा आवळायचा. 1833 च्या सुमारास ठगीविरोधी मोहिमेचे एक केंद्र हिंगोलीत होते, ते काही उगाच नव्हे. अशा मुलखात ज्याचे दार माहीत आहे, ज्याच्याकडे आपले वडील उतरले होते, अशा यजमानाचे मोल काय असेल याचा अंदाज करता येतो. त्याच हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. विसाव्या शतकाच्या आरंभी ती उठली, तरी पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही मोहल्ल्यांची नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. शिपाई कुठे राहत होता हे गावाच्या नकाशावर वाचता येते. वाटसरू कुठे राहत होता ते नाही.

ही उणीव नुसत्या दुर्लक्षातून आलेली नाही, तिला कारणे आहेत. ब्रिटिश मुलखात 1867 च्या सराई कायद्याने प्रवाशांना उतरवून घेणाऱ्या इमारतींची नोंद जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे करायला लावली. हिंगोली निजामाच्या राज्यात, त्यामुळे ती दप्तरे इथे तयारच झाली नाहीत. हैदराबाद संस्थानाने 1914 मध्ये पुरातत्त्व खाते काढले. गुलाम याझदानी यांच्या हाताखाली त्याने अजिंठा आणि बीदरवर मोलाचे काम केले. पण त्याची नजर लेण्यांवर, किल्ल्यांवर आणि राजवाड्यांवर होती. स्वातंत्र्यानंतरच्या 1958 च्या केंद्रीय कायद्यानेही शंभर वर्षांचे वय आणि राष्ट्रीय महत्त्व या कसोट्या लावल्या. गल्लीतले घर त्यांत बसत नाही. ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नमुना 8 मध्ये मालक, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार अशाच बाबी येतात. 2020 पासूनच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होते, हद्दी पक्क्या होतात. पण ड्रोनला दिसते ते छप्पर. माळवदाखाली काय आहे ते त्याला दिसत नाही.

माळवदाखाली पुष्कळ असते. मराठवाड्यातला जुना वाडा खणांनी मोजतात, आणि त्याचा क्रम ठरलेला: दिंडीदरवाजा, दोन्ही बाजूंना बसायला उंच ओटे असलेली ढाळज, मग चौक, ओसरी, माजघर, देवघर, मागे परसू. पाहुणे उतरवणारे घर या क्रमात कुठेतरी बदल करते, आणि तोच पुरावा. ओसरीला गल्लीकडून वेगळे दार असेल, तर पाहुण्याला माजघर न ओलांडता ये-जा करता येत होती. स्वयंपाकघर सोडून दुसऱ्याच खोलीच्या तुळयांवर काजळी चढलेली असेल, तर तिथे आणखी चुली पेटत होत्या. परक्याच्या हातचे न खाणाऱ्या यात्रेकरूला यजमान शिधा देई आणि तो आपले अन्न आपण शिजवी. ती काजळी या रिवाजाची खूण आहे. कोनाड्यांची संख्या, ओळीने ठोकलेल्या खुंट्या, बैल बांधायच्या कड्या, परसातला रांजणांचा चौथरा यांची मापे घेतली की किती माणसांची सोय होती याचा ढोबळ हिशेब निघतो. मापांना कागदाची जोड द्यावी लागेल. घराला किंवा धर्मशाळेला इनाम असेल तर त्याचा मुन्तखब, म्हणजे इनाम मान्य केल्याचा सरकारी दाखला, निघू शकतो. तो बहुधा उर्दूत असणार, आणि जुनी निजामी दप्तरे हैदराबादच्या अभिलेखागारात. तिसरी जोड म्हाताऱ्या माणसांच्या सांगण्याची. त्यांतही आधी बायकांना विचारावे, कारण पंगतीचे पीठ दळले कुणी आणि पाणी भरले कुणी, हे कुठल्याही सनदेत लिहिलेले नाही.

यावर पहिला गंभीर आक्षेप असा, की ही घरे सर्वांसाठी उघडी नव्हती; मग त्यांचे कौतुक कशाला? आक्षेप खरा आहे. गाडगेबाबांना पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभारावी लागली आणि 1949 मध्ये ती त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याला इतर दारे बंद होती, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. पण म्हणूनच वापराची नोंद हवी. नुसत्या नक्षीची छायाचित्रे काढली तर घर निरागस दिसते. कोणाला ढाळजेपर्यंतच येऊ दिले, कोणाला ओसरीवर घेतले, कोणाला बाहेरच्या झाडाखाली पान वाढले, हे नकाशावर रेघ ओढून दाखवले तर तेच घर साक्ष देते. घर पडले की ती साक्षही पडते, आणि मागे उरतात त्या आतिथ्याच्या गोड आठवणी.

दुसरा आक्षेप मालकांचा: माती गळते, दुरुस्तीला गवंडी मिळत नाही, आम्हाला स्लॅबचे घर हवे. त्यांचे चुकत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचे ओझे माणसांच्या अंगावर कोसळले, हे मराठवाडा विसरलेला नाही. खुद्द हिंगोली जिल्ह्यात 21 मार्च आणि 10 जुलै 2024 रोजी 4.5 तीव्रतेचे धक्के बसले. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेची माणसे तर जमिनीखालचे गूढ आवाज वर्षानुवर्षे ऐकत आली आहेत. अशा ठिकाणी जुन्या भिंतीत राहा, असे कोणाला सांगण्याचा अधिकार अभ्यासकाला नाही. पण नोंद आणि जतन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घर पाडण्याआधी टेप, कागद, कॅमेरा आणि ध्वनिमुद्रण यांसाठी मालकाने थोडा वेळ दिला तर त्याचे बांधकाम अडत नाही. जे टिकणार नाही त्याचीच नोंद आधी करायची असते.

तिसरा आक्षेप, हा विषय संपलेला आहे. तो मात्र मान्य करता येत नाही. शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना सेनगाव, नर्सी, औंढा, जवळा बाजार या वाटेने जाते, आणि वाटेवरची गावे वारकऱ्यांच्या जेवणाची, मुक्कामाची व्यवस्था अंगावर घेतात. नामदेवांची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात असल्यामुळे पंजाबातले भाविकही नर्सीला येतात. पाहुणा उतरवून घेण्याची रीत चालू आहे; घरे तेवढी बदलली. आजच्या रीतीत जुने किती आणि नवे किती, कोणती दारे खरोखर उघडली आणि कोणती नुसती रंगवली, हे जुन्या घरांच्या नोंदीशी ताडूनच सांगता येईल.

म्हणून मागणी साधी आहे. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आणि ग्रामपंचायतींनी मिळून एक नमुना ठरवावा: मोजमापांचा नकाशा, वापराचा नकाशा, कागदपत्रांच्या प्रती आणि घरातल्या दोन पिढ्यांची मुलाखत. जुने घर पाडायचे ठरले की हा नमुना भरून घ्यावा, एक प्रत मालकाला द्यावी, एक गावात ठेवावी. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याचा स्वतंत्र इतिहास अजून लिहिला जायचा आहे. तो लिहिताना देऊळ कोणी बांधले याच्या जोडीला, तिथवर चालत आलेल्यांना कोणी घरात घेतले आणि कोणी घेतले नाही, हेही पुराव्यानिशी सांगता आले पाहिजे.