जुन्या मोटारीची अदलाबदल : लोणी काळभोर येथील एक हिशेब

घरातील जुनी मोटार काढून तिच्या जागी तुलनेने स्वच्छ अशी, परंतु वापरलेलीच, दुसरी मोटार घ्यावी की काय, हा प्रश्न वरकरणी घरगुती स्वरूपाचा वाटतो. प्रत्यक्षात त्यात घसारा, माहितीची विषमता आणि समाजावर पडणारा परिव्यय ही अर्थशास्त्रातील तीन प्रकरणे एकत्र आलेली आहेत. पुण्यातील अभ्यासकांना मोटारीचा विषय परका नाही. मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटार-बस वाहतुकीची गाडगीळ व गोगटे यांनी केलेली पाहणी गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३५ साली प्रसिद्ध केली होती. प्रस्तुत लेखाची व्याप्ती त्या मानाने फारच लहान, म्हणजे एका कुटुंबाच्या एका मोटारीपुरती आहे.

हवेली तालुक्यातील लोणी काळभोर हे गाव पुणे-सोलापूर महामार्गावर वसलेले आहे. कालव्याच्या पाण्यावरील ऊस, तेल कंपन्यांची मोठमोठी साठवण-केंद्रे, महाविद्यालये आणि शहरात नोकरीस जाणाऱ्यांची वाढती वस्ती असे त्याचे मिश्र रूप आहे. येथील एक कुटुंब आपण कल्पू. त्यांच्याजवळ २००९ साली पुण्यास नोंदलेली पेट्रोलची मोटार आहे. पंधरा वर्षांची मुदत २०२४ मध्ये संपली, तेव्हा त्यांनी पर्यावरण कर भरून नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घेतले. कर्ता पुरुष वर्षातील सुमारे २५० दिवस शहरात जातो. जाण्यायेण्याचे अंतर ४० किलोमीटर धरल्यास वर्षाची धाव १०,००० किलोमीटर होते. घरात वृद्ध आई आहे व रात्रीअपरात्री तिला हडपसरच्या रुग्णालयात न्यावे लागते. या शेवटच्या गोष्टीकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

प्रथम ‘स्वच्छ’ या शब्दाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. बाजारात तो मोटारीच्या वयावरून ठरविला जातो आणि येथेच पहिली चूक होते. भारत स्टेज मानके सर्व देशात एकाच वेळी लागू झालेली नाहीत. तिसरे मानक पुण्यासारख्या निवडक शहरांत १ एप्रिल २००५ पासून, तर उर्वरित देशात २०१० पासून लागू झाले. चौथे मानक २०१० साली ज्या तेरा शहरांत प्रथम आले त्यांत पुणे होते आणि सोलापूरही होते. सर्व देशात ते लागू होण्यास १ एप्रिल २०१७ उजाडावा लागला. तेव्हा मधल्या सात वर्षांत यादीबाहेरच्या भागात तिसऱ्या मानकाचे वाहन नोंदविण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. २०१६ साली अन्यत्र नोंदलेले एखादे वाहन २०११ साली पुण्यात नोंदलेल्या वाहनापेक्षा मानकाने मागे असू शकते. यास्तव घेणाराने वर्ष न पाहता नोंदणीपत्रातील मानकाचा रकाना पाहावा हे बरे.

दुसरी गोष्ट इंधनाची. पेट्रोल मोटारीस तिसऱ्या मानकात दर किलोमीटरला २.३ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड व ०.१५ ग्रॅम नायट्रोजनची ऑक्साइडे एवढी मुभा होती. चौथ्या मानकात ती अनुक्रमे १.० व ०.०८ ग्रॅमवर आली. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या सहाव्या मानकात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा १.० वरच राहिली व ऑक्साइडांची ०.०६ झाली. म्हणजे पेट्रोलच्या बाबतीत खरी उडी तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना पडते. पुढची पायरी लहान आहे. डिझेलचे चित्र याच्या उलट आहे. तेथे सूक्ष्म कणांची मर्यादा चौथ्या मानकात ०.०२५ ग्रॅम होती, ती सहाव्यात ०.००४५ ग्रॅम झाली, आणि ऑक्साइडांची ०.२५ वरून ०.०८ वर उतरली. पेट्रोल मोटार घेणाराने केवळ सहाव्या मानकाच्या नावाखातर लाखभर रुपये अधिक मोजण्याचे कारण दिसत नाही. डिझेल घेणारास मात्र चौथ्या मानकावर थांबणे हे अर्धवट काम होय.

हे आकडे नव्या मोटारीच्या मर्यादेचे आहेत, वापरलेल्या मोटारीच्या प्रत्यक्ष धुराचे नव्हेत, हे विसरता कामा नये. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्यावाचून काम करीत नाही, आणि हवा व पेट्रोल यांचे प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास राहिले तरच तो तिन्ही प्रदूषके एकदम आवरतो. प्राणवायू मोजणारा संवेदक थकला की हे प्रमाण बिघडते. गावातल्या गावात दोन किलोमीटर मोटार फिरविणाऱ्यांचा कन्व्हर्टर तर पुष्कळदा तापण्यापूर्वीच प्रवास संपतो. पी.यू.सी. प्रमाणपत्रावर फार विसंबणेही योग्य नाही. पेट्रोल मोटार उभी असताना, रिकाम्या गतीवर, कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन तेवढे त्यात मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइडे मोजलीच जात नाहीत.

आता पैशाचा हिशेब. पुढील रकमा सोयीसाठी गृहीत धरल्या आहेत. वाचकाने आपल्या घालाव्यात. जुनी मोटार लिटरला १२ किलोमीटर जाते, चौथ्या मानकाची वापरलेली मोटार १७ जाईल. पेट्रोल १०० रुपये धरल्यास किलोमीटरमागे २ रुपये ४५ पैसे वाचतात, म्हणजे वर्षाला २४,५०० रुपये. अदलाबदलीसाठी पदरचे अडीच लाख घालावे लागतात. त्यांवर आठ टक्क्यांनी २०,००० रुपये व्याज बुडते. शिवाय घेतलेल्या मोटारीचा घसारा जुनीपेक्षा वर्षाला २०,००० रुपयांनी अधिक. म्हणजे बदलाची किंमत ४०,००० झाली. दुरुस्तीत काहीच न वाचल्यास हा व्यवहार वर्षाला सुमारे १६,३०० किलोमीटर धावेच्या पुढेच फायद्याचा ठरतो. आपल्या कुटुंबाची धाव १०,००० आहे, तेव्हा तूट भरून निघण्यास दुरुस्तीत वर्षाला १५,५०० रुपये वाचले पाहिजेत. येथे एक सूचना करावीशी वाटते. गेल्या वर्षी इंजिनावर केलेला खर्च हा बुडीत परिव्यय आहे. ‘एवढे पैसे घातले, आता कशी काढायची’ हा युक्तिवाद आपल्या घरोघरी ऐकू येतो, आणि अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांची घरेही त्याला अपवाद नाहीत.

हवेचा लाभ याच धावेवर किती? २४५ लिटर पेट्रोल वाचल्यास सुमारे साडेपाच क्विंटल कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मर्यादेच्या आकड्यांवरून पाहता कार्बन मोनॉक्साइड १३ किलो व नायट्रोजनची ऑक्साइडे ७०० ग्रॅम घटतात. परंतु जुनी मोटार गेली कोठे, या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत हा लाभ जमेस धरता येत नाही. ती विकली तर दुसरा कोणी तरी चालविणारच. त्याने आपली आणखी जुनी मोटार मोडीत काढून ही घेतली असेल तर साखळीच्या शेवटी हवा सुधारते. दुचाकी सोडून तो हिच्यात बसला असेल तर समाजाचा धूर वाढतो, घटत नाही. वापरलेली मोटार घेतल्याने नव्या उत्पादनाचा भार टळतो, हेही अर्धेच खरे. तिच्या विक्रेत्याने मिळालेल्या पैशातून नवी मोटार घेतली तर तो भार पडतोच, फक्त दुसऱ्याच्या खात्यावर. खात्रीचा लाभ जुने वाहन नोंदणीकृत मोडकेंद्रात दिल्यानेच होतो. तेथे मिळणाऱ्या ठेव-प्रमाणपत्रावरची करसवलत मात्र नव्या वाहनाच्या नोंदणीस आहे. वापरलेले वाहन घेणारास तिचा उपयोग नाही, आणि ते प्रमाणपत्र दुसऱ्यास हस्तांतरित करणे एवढाच मार्ग त्याला उरतो. २०२१ साली आरंभलेल्या या धोरणातील ही उणीव मला महत्त्वाची वाटते, कारण ज्यांच्याजवळ सर्वांत जुनी वाहने आहेत त्यांना नवे वाहन सहसा परवडत नाही.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली निकृष्ट मोटारींच्या बाजारावर लिहिलेला निबंध विद्यार्थ्यांच्या परिचयाचा असेल. विक्रेत्यास जे ठाऊक असते ते ग्राहकास ठाऊक नसते, त्यामुळे ग्राहक सरासरी किंमतच देऊ करतो आणि चांगला माल बाजारातून निघून जातो. आपल्या कुटुंबास जुन्या मोटारीचे दोष पाठ आहेत, येणारीचे नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे महापूर आला होता. त्या भागातील तत्पूर्वीची मोटार असेल तर विम्याच्या दाव्याचा इतिहास विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. सेवाकेंद्रातील नोंदी आणि मीटरचा आकडा जुळतात की नाही हेही पाहावे.

राहिली आईची गोष्ट. मोटार वर्षातून एकदाच बंद पडली, परंतु ती नेमकी त्या रात्री पडली, तर सरासरीच्या हिशेबात तिची किंमत दिसत नाही. कुटुंबास हा धोका असह्य वाटत असेल तर १६,३०० चा आकडा बाजूस सारणे अविवेकाचे नव्हे. मात्र तेवढ्यासाठी अडीच लाख घालण्यापूर्वी बॅटरी, स्टार्टर, पेट्रोलचा पंप, संवेदक आणि कन्व्हर्टर यांची तपासणी करून जे थकले असेल ते बदलावे. त्याने विश्वासार्हता वाढते आणि धूरही घटतो. शिवाय लोणीस रेल्वे स्थानक आहे. आठवड्यातून दोन दिवस जरी कर्ता पुरुष पुणे-दौंड मार्गावरील गाडीने वा बसने गेला तरी धाव ६,००० किलोमीटरवर येते आणि वर्षाला सुमारे ३३३ लिटर पेट्रोल वाचते, म्हणजे मोटार बदलून वाचले असते त्याहून अधिक.

या कुटुंबाने मोटार ठेवली तर प्रश्न २०२९ मध्ये पुन्हा उभा राहील. तेव्हा ती वीस वर्षांची होईल, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांपुढील हलक्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क १०,००० रुपये केलेले आहे. पाच वर्षांत वाटल्यास ते वर्षाला २,००० रुपये पडते, आणि वरील हिशेबातील दुरुस्तीचा आकडा १५,५०० वरून १३,५०० वर येतो.