पाखाडी बुजली, पेट्रोल वाढलं
आपल्या गावाचा आराखडा : लेखांक 7

मागच्या लेखात बिनशेती परवानगीचा प्रवास आपण पाहिला. त्या परवानगीच्या कागदावर एक गोष्ट कुठेच लिहिलेली नसते : इथे राहायला येणाऱ्या माणसाला रोज किती पेट्रोल जाळावं लागेल. आजचा लेख त्याबद्दल.

माझी मावशी रत्नागिरीत गोखले नाक्याजवळच्या एका आळीत चाळीस वर्षं राहिली. घर मोडकळीला आलं, वाटण्या झाल्या आणि तिने नाचण्याच्या बाजूला फ्लॅट घेतला. घरात उजेड आहे, लिफ्ट आहे, पाणी येतं. "पण पूर्वी कोथिंबीर हवी तर पायात चपला सरकवल्या की झालं. आता रिक्षाला फोन करावा लागतो," ती म्हणते. तिचा मुलगा शहरात नोकरीला आहे आणि आपल्याकडच्या पुष्कळांसारखा दुपारी जेवायला घरी येतो. म्हणजे दिवसाला चार फेऱ्या. एक फेरी पाच किलोमीटरची धरली, तर दिवसाचे 20 आणि वर्षाच्या 300 दिवसांचे 6,000 किलोमीटर झाले. स्कूटर लिटरला 50 किलोमीटर जाते असं मानलं, तर 120 लिटर पेट्रोल. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे पावणेतीनशे किलो. हाच प्रवास लिटरला 15 किलोमीटर जाणाऱ्या गाडीने केला, तर नऊशे किलोच्या वर. आणि हा हिशेब एका माणसाच्या फक्त कामावर जाण्यायेण्याचा आहे.

या धुराचा दोष मी त्या मुलाला देणार नाही. त्याच्या इमारतीचा लेआउट मंजूर झाला, त्याच दिवशी त्याचे पाच किलोमीटर ठरले. स्कूटर दहा वर्षांनी बदलता येते, विजेवरची घेता येते. इमारत पन्नास वर्षं जागची हलत नाही, आणि तिचं बाजारापासूनचं अंतरही हलत नाही. म्हणून नव्या वस्तीचा धूर कमी करायचा, तर पेट्रोल पंपाच्या आधी नगररचनेच्या टेबलाशी जायला हवं.

त्या टेबलावर काय काय असतं? 1966 चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम असतो. विकास आराखड्यात काय असावं हे सांगणारं त्याचं कलम 22 जमिनीचा वापर आणि वाहतूक या दोन्ही गोष्टी एकाच यादीत घालतं. घरं कुठे आणि माणसं जाणार कशी, हे एकत्र ठरवायची सोय कायद्यातच आहे. आराखड्यात शाळा, मंडई, दवाखाना, बसथांबा यांसाठी जागा आरक्षित करता येतात. पण कलम 127 ही त्याची दुखरी बाजू आहे. दहा वर्षांत जागा संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत हालचाल झाली नाही, तर आरक्षण व्यपगत होतं. नगर परिषदेच्या तिजोरीत पैसे नसले की ही मुदत कधी उलटते ते कळतही नाही. मंडईच्या जागेवर आणखी फ्लॅट उभे राहतात, आणि त्या फ्लॅटमधली माणसंही भाजीला मारुती मंदिरापर्यंत जातात. व्यपगत झालेलं प्रत्येक आरक्षण म्हणजे कायमच्या वाढलेल्या फेऱ्या.

रत्नागिरीत याला आणखी एक पदर आहे. आपलं शहर बंदराकडून वर सड्यावर चढत गेलं. जयस्तंभ, मारुती मंदिर, साळवी स्टॉप, मग कुवारबाव. एका अंगाला नाचणे, दुसऱ्या अंगाला मिरजोळे. यातल्या शेवटच्या तीन ग्रामपंचायती. नगर परिषदेचा आराखडा हद्दीशी थांबतो, वस्ती मात्र थांबत नाही. 2 डिसेंबर 2020 पासून लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली हद्दीच्या दोन्ही बाजूंना चालते, त्यामुळे सामासिक अंतर आणि एफएसआय यांना नियमपुस्तक आहे. नाही तो दोन्ही बाजू एका कागदावर दाखवणारा नकाशा. शहर बस कुठवर जाईल, तिचा रस्ता नव्या वसाहतींच्या पोटातून जाईल की कडेने, हे वसाहती उभ्या राहिल्यावर बघितलं जातं.

कुवारबावजवळचं रेल्वे स्टेशन घ्या. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण 2022 मध्ये पूर्ण झालं, आता गाडी डिझेलशिवाय धावते. पण स्टेशन शहरापासून पाच-सहा किलोमीटर, आणि उतरलेला माणूस रिक्षात बसतो. नेदरलँड्सने 1980 च्या दशकाच्या अखेरीस अशा जागांची सरळ वर्गवारी केली होती. स्टेशनजवळची जागा 'अ', तिथे जास्त माणसांची ये-जा असलेली कार्यालयं आणि गाड्यांना मोजकी जागा. महामार्गालगतची जागा 'क', तिथे मालवाहतुकीचे धंदे. मधल्या जागा 'ब'. पुढे गावागावांत कंपन्या आपल्याकडे ओढण्याची चढाओढ लागली, नियम सैल झाले आणि ते धोरण मागे पडलं. तरी मूळ प्रश्न मला अजून पटतो : कोणती जागा कशासाठी, हे तिथे येणाऱ्या माणसांवरून ठरवावं. आपल्या स्टेशनाच्या पायी अंतरात सरकारी कार्यालयं आणि वसतिगृहं यावीत, की गोदामं? याचं उत्तर आराखड्यात लिहिता येतं.

पार्किंगचंही तसंच. नियमावलीतला तक्ता फ्लॅटच्या क्षेत्रफळावरून किती चारचाकी, किती दुचाकी उभ्या राहायला हव्यात ते सांगतो. बसथांबा किती लांब, हे तो विचारत नाही. मेट्रोच्या शहरांत मार्गालगतच्या पट्ट्याला वेगळे नियम आहेत. आपल्याकडे मेट्रो नाही, पण शहर बस एसटीच चालवते. तिच्या थांब्यापासून चालत पाच मिनिटांवरच्या इमारतीला असा पट्टा का नसावा? जर्मनीत फ्रायबुर्गच्या वोबाँ वसाहतीत गाडी उभी करायची तर वसाहतीच्या कडेच्या वाहनतळात जागा वेगळी विकत घ्यावी लागते. आपल्या पावसात ते जसंच्या तसं चालणार नाही, हे मान्य. पण गाडी नसलेल्या कुटुंबाने फ्लॅटच्या किमतीत पार्किंगचे पैसे का भरायचे, हा प्रश्न इथेही लागू आहे.

आता मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट. चालण्याची व्यवस्था परदेशातून आणायला नको, कोकणाने ती बांधून ठेवली आहे. चिऱ्याच्या पायऱ्यांची पाखाडी वाडीतून देवळाकडे, विहिरीकडे, खालच्या वाडीकडे सरळ उतरते. गाडीरस्ता वळसे घेतो, पाखाडी घेत नाही. दोन्ही बाजूंना गडगे, वर फणसाची सावली. जुन्या गाव नकाशात पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवतात, रुंदी सव्वाआठ फूट. पण कितीतरी पाखाड्या वहिवाटीच्या असतात आणि नकाशात नसतात. जागा बिनशेती झाली, चारी बाजूंनी काँक्रीटचं कंपाउंड आलं की पाखाडी कागदावर नव्हतीच असं ठरतं. वाट बुजली म्हणून कुणी हवा प्रदूषणाची तक्रार करत नाही.

लेआउट मंजूर करताना मोजणीत पाखाडी दाखवणं सक्तीचं करावं, आणि ती सार्वजनिक वाट म्हणून मोकळी ठेवण्याची अट परवानगीतच घालावी. बिल्डरला यात जाते ती जेमतेम अडीच मीटरची पट्टी. आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकती-सूचनांना 30 दिवस मिळतात. तेवढ्यात रस्ते-आरक्षणांवर झुंबड उडते, पाखाडीसाठी अर्ज आलेला मी पाहिलेला नाही. वाडीतल्या जुन्या माणसांना आजच सोबत घेऊन वाटा कागदावर काढून ठेवल्या, तर तो अर्ज द्यायला वेळ पुरेल.

मावशीच्या इमारतीमागे अशी एक पाखाडी होती. खालच्या वाडीतल्या देवळाची घंटा तिला संध्याकाळी गॅलरीत ऐकू येते. पाखाडीच्या तोंडाशी पुरुषभर उंचीचं कंपाउंड आहे. रस्त्याने त्या देवळाशी जायला किती पडतं ते मी मोजलं : दीड किलोमीटर. ती सोमवारी रिक्षाने जाते.