वृत्तपत्राच्या कचेरीतला नवा कारकून

तालुक्याच्या गावी निघणाऱ्या साप्ताहिकाचा संपादक हा बहुधा त्या पत्राचा बातमीदार, मुद्रितशोधक, जाहिरातींच्या बिलांचा वसूलदार आणि प्रसंगी अंक टपालात टाकणारा शिपाई, अशा सर्व भूमिका एकाच देहाने वठवीत असतो; म्हणूनच कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे बातम्या लिहून देतात अशी वार्ता त्याच्या कानी आली, की त्याच्या मनात आशा आणि धास्ती एकदमच उभ्या राहाव्यात हे स्वाभाविक आहे. पण या आशेच्या आणि या धास्तीच्याही मुळाशी एकच गृहीत आहे, ते असे की यंत्राकडे सोपवावयाचे काम म्हणजे लेखन. ज्या लहान वृत्तकचेऱ्यांनी हा प्रयोग विचारपूर्वक केला, त्यांचा अनुभव या गृहीताला दुजोरा देत नाही.

अमेरिकेतील असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था २०१४ सालापासून कंपन्यांच्या तिमाही नफ्यातोट्याच्या बातम्या यंत्राकरवी तयार करवून घेत आली आहे. पूर्वी तिचे बातमीदार दर तिमाहीस सुमारे तीनशे कंपन्यांच्या बातम्या लिहीत, ती संख्या यंत्र आल्यावर जवळजवळ दहापट झाली. परंतु हे मोठ्या घरचे वैभव. लहान घरांसाठी तिने नाइट फाउंडेशनच्या अर्थसाहाय्याने २०२१ साली जो उपक्रम हाती घेतला, त्यातून २०२३ मध्ये पाच स्थानिक वृत्तकचेऱ्यांकरिता पाच साधने सिद्ध झाली, आणि ती पाहून चमत्काराची अपेक्षा बाळगणाऱ्याची निराशाच व्हावी. मिनेसोटातील ‘ब्रेनर्ड डिस्पॅच’ या पत्रास पोलिसांकडून येणाऱ्या घटनांच्या नोंदी छापण्याजोग्या करून देणारे साधन मिळाले. पोर्तो रिकोतील ‘एल व्होसेरो’ या पत्रास सरकारी हवामानखात्याचे इंग्रजी इशारे स्पॅनिश बातमीच्या रूपात आणणारे. मिशिगनमधील एका रेडिओ केंद्रास नगरसभांच्या बैठका शब्दांकित करून त्यांतील कामाचे उल्लेख दाखवणारे. पेनसिल्व्हेनियातील एका दूरचित्रवाणी केंद्रास ईमेलने लोटणाऱ्या बातमीच्या सूचनांची वर्गवारी लावणारे. आणि टेक्ससमधील सॅन अँटोनियोच्या केंद्रास चित्रफितींतील बोलण्याचा गोषवारा काढणारे. यांत प्रतिभेचे काम कोठेही नाही. ऐकणे, उतरवून घेणे, निवडणे, तर्जुमा करणे हे जुन्या दप्तरात कारकुनाकडे असे, आणि हाताखालच्या कारकुनावर जितका विश्वास टाकावा तितकाच या यंत्रावर टाकणे शहाणपणाचे. स्वतः असोसिएटेड प्रेसने ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या बातमीदारांना बजावले, की असल्या यंत्रातून बाहेर पडणारा मजकूर खातरजमा न झालेली कच्ची सामग्री समजावी.

या पाचांपैकी ब्रेनर्डचे उदाहरण मला सर्वांत बोधक वाटते, कारण ते दिसावयास सर्वांत निरुपद्रवी आहे. पोलिसांच्या वहीतील नोंद उतरवून काढणे यासारखे कंटाळवाणे काम दुसरे नाही, आणि ते यंत्राने केले तर बातमीदाराचे काही तास सुटतात यात शंका नाही. परंतु किरकोळ गुन्ह्याच्या आरोपावरून पकडला गेलेला माणूस पुढे निर्दोष सुटला, तरी त्याचे नाव इंटरनेटवर कायम राहते, आणि नोकरीचा अर्ज केला की दहा वर्षांनीही तेच नाव त्याच्या आडवे येते. हा विचार करून याच असोसिएटेड प्रेसने जून २०२१ मध्ये असे ठरवले होते, की ज्या लहानसहान खटल्यांचा पाठपुरावा आपण करणार नाही त्यांतील आरोपींची नावे प्रसिद्ध करावयाची नाहीत. आजवर अशा नोंदी थोड्या छापल्या जात, कारण त्या लिहावयास माणूस नव्हता; यंत्र आले की आळसाचा हा अनाहूत उपकार संपतो, आणि नाव छापावे की नाही हा प्रश्न प्रत्येक नोंदीपाशी नव्याने उभा राहतो. आपल्याकडे तर प्रश्न छापण्यापर्यंतही थांबत नाही. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख प्रकट करण्यास भारतीय न्याय संहितेच्या ७२व्या कलमाने, आणि बालकांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याच्या २३व्या कलमाने मनाई आहे. अशा स्थितीत ठाण्यातून मिळालेली फिर्यादीची प्रत गोषवाऱ्यासाठी एखाद्या फुकट यंत्रात जशीच्या तशी भरणे, आणि तो मजकूर परदेशी कंपनीच्या साठ्यात किती काळ राहील याची विचारपूसही न करणे, हा केवळ निष्काळजीपणा होय.

सभेचे शब्दांकन करणारे यंत्र खरोखर उपयोगी आहे. नगरपालिकेची चार तासांची सभा चाळून पाणीपट्टीचा उल्लेख नेमका कोठे आला हे त्याने दाखवावे, यापरते सुख नाही. तथापि ओपनएआयचे ‘व्हिस्पर’ हे शब्दांकनाचे साधन, बोलणारा क्षणभर थांबला तर त्या शांततेत न उच्चारलेली वाक्ये घालते, असे संशोधकांना आढळल्याचे वृत्त २०२४ साली प्रसिद्ध झाले. यास्तव नगरसेवकाच्या तोंडचे वाक्य अवतरणचिन्हांत छापण्यापूर्वी मूळ ध्वनिमुद्रणाशी रुजवात घालणे अपरिहार्य ठरते.

जेथे यंत्राला थेट लेखणी दिली गेली, तेथील हकीकती तर सर्वश्रुत आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेच्या गॅनेट समूहाच्या पत्रांत शालेय सामन्यांची यंत्रलिखित वृत्ते प्रसिद्ध झाली, त्यांतल्या एकात विजयी संघाच्या बोधचिन्हाचे नाव जेथे यावयाचे तेथे यंत्राचा रिकामा रकाना तसाच राहिला होता, आणि समूहाला तो प्रयोग थांबवावा लागला. मे २०२५ मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’च्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचावयाच्या पंधरा पुस्तकांची यादी आली, त्यांपैकी दहा पुस्तके अस्तित्वातच नव्हती, आणि इसाबेल अयेंदेसारख्या विख्यात लेखिकेच्या नावावर तिने न लिहिलेली कादंबरी मांडलेली होती. यातील खरा धडा यंत्राविषयीचा नाही: ती पुरवणी बाहेरच्या पुरवठादाराकडून घेतलेली होती आणि छापण्यापूर्वी ती संपादकीय विभागात वाचलीच गेली नव्हती. आपल्याकडेही दिवाळीच्या आणि वर्धापनदिनाच्या पुरवण्यांचा मजकूर बाहेरून येतो. तो देणाऱ्याशी करार करताना यंत्राच्या वापराचे कलम घालून घेणे आता आवश्यक झाले आहे.

१८६७च्या मुद्रणविषयक कायद्याने संपादकाची व्याख्या मोठी नेमकी केली होती: प्रसिद्ध होणाऱ्या मजकुराची निवड ज्याच्या नियंत्रणाखाली होते तो संपादक. त्या कायद्याची जागा आता २०२३च्या अधिनियमाने घेतली असून तो १ मार्च २०२४ पासून अंमलात आला आहे. परंतु शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे देणारी ती ओळ कायम आहे, आणि तीत यंत्राचे नाव घालण्याची सोय नाही. अब्रुनुकसानीच्या दाव्याचे समन्स निघेल ते त्या ओळीतील माणसाच्या नावाने निघेल. कोणते काम यंत्राला द्यावे आणि कोणते देऊ नये याची लांबलचक नियमावली करीत बसण्यापेक्षा, लहान पत्राच्या संपादकाने इतकेच पाहावे, की यंत्राने केलेली चूक आपल्याला अंक छापखान्यात जाण्यापूर्वी, हाताशी असलेल्या माणसांनिशी सापडू शकेल काय. सापडत असेल तर ते काम खुशाल द्यावे.

मराठीपुरती अडचण आणखी एका अंगाने आहे. ही यंत्रे ज्या मजकुरावर पोसली गेली त्यात मराठीचा वाटा इंग्रजीच्या मानाने फार थोडा. त्यातही कित्येक पत्रांचे जुने अंक श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व अक्षरसंचांत पडून आहेत, आणि रूपांतर केल्यावाचून यंत्राला ते वाचता येत नाहीत. परिणामी प्रमाण मराठीतील निवेदनाचा गोषवारा यंत्र बरा काढते, परंतु वऱ्हाडीतील किंवा अहिराणीतील भाषण कानी पडले की गडबडते, आणि स्थलनामांत तर हटकून फसते: एकट्या पुणे जिल्ह्यात वडगाव शेरी आहे, वडगाव बुद्रुक आहे, वडगाव मावळ आहे, आणि त्यांपैकी कोणत्या वडगावचा बंधारा फुटला हे यंत्र संभाव्यतेने ठरवते, तर गावचा बातमीदार माहितीने.

खर्चाचा प्रश्न उरतो. ब्रेनर्डच्या पत्राला संस्थेचे अनुदान आणि वृत्तसंस्थेचे तंत्रज्ञ लाभले. आपल्या साप्ताहिकास तसा वाली नाही, आणि मासिक वर्गणी डॉलरांत मोजणारे यंत्र त्याला झेपणारेही नाही. तेव्हा जिल्ह्यातील पाचसहा पत्रांनी एकत्र येऊन एकच वर्गणी भरावी हे बरे; आणि त्याआधी आपापल्या मुलुखातील गावे, वाड्या, पदाधिकारी आणि आडनावे यांची शुद्ध लेखनासह एक सामाईक यादी युनिकोडमध्ये करून ठेवावी, कारण यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, त्याच्या मजकुराची पडताळणी या यादीवरूनच करावी लागणार. अशा यादीची पहिली प्रत एखादा निवृत्त मुद्रितशोधक एका पावसाळ्यात सहज तयार करू शकेल.