नंबर एक, गाड्या दोन!

माझी गाडी, म्हणजे पप्पांची जुनी स्प्लेंडर (एमएच-१८, आपली धुळ्याची), आपल्या होस्टेलच्या शेडमध्ये उभी होती. सबमिशनचे दिवस, त्यात पेट्रोल संपलेलं, त्यामुळे चार दिवस ती जागची हलली नव्हती. आणि नेमका तेव्हाच घरी पप्पांच्या मोबाईलवर मेसेज आला. विनाहेल्मेट, ई-चलन! ठिकाण जळगावपासून कितीतरी लांबचं एक मोठं शहर. लगेच फोन. "तू तठे कव्हय गयथा रे?" मी आईची शपथ घेतली तरी पटेना. शेवटी चलनातला फोटो उघडून पाहिला. नंबर आमचा, पण गाडी स्कूटर! चालवणारा कोण, देव जाणे.

आरसी, गाडीचे फोटो, अर्ज, परत अर्ज असं करत ते चलन रद्द झालं. पण रूमपार्टनर जे बोलला त्याने माझी झोप उडाली. "भो, त्यानं हेल्मेट नव्हतं घातलं म्हणून बरं. कुणाला उडवून पळाला असता तर पोलीस तुझ्या घरी आले असते." खरंच होतं ते. कोपऱ्यावरच्या रेडियमवाल्याकडे जाऊन कुणीही कुठलाही नंबर काढून घ्यायचा, कागद कोण मागतो? आपल्याकडे तर २१४ चा 'राम', ४१४१ चा 'दादा' आणि ८०५५ चा 'बॉस' करून देणारे कलाकार गल्लोगल्ली होते.

याच्यावर सरकारचा उपाय म्हणजे एचएसआरपी, हाय सिक्युरिटी नंबरप्लेट. नियम २००१ सालचा, पण कोर्टकचेऱ्या आणि टेंडरं यांत वर्षं गेली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ती कंपनीकडूनच येऊ लागली. त्याआधीच्या गाड्यांसाठी महाराष्ट्राने पहिली मुदत दिली ३१ मार्च २०२५, आणि मग ती आपल्या सबमिशनसारखी पुढे-पुढे सरकत गेली. दुचाकीचा दर ४५० रुपये, जीएसटी धरून ५३१. चारचाकीला ७४५ अधिक जीएसटी (सर लोकांनी नोंद घ्यावी).

मी सुट्टीत धुळ्याला जाऊन बसवून घेतली. बुकिंगला चेसिस आणि इंजिन नंबर लागतात. खोट्या वेबसाईटपण निघाल्या होत्या, म्हणून परिवहन विभागाच्या साईटवरूनच गेलो. बसवायला पाच मिनिटंही लागली नाहीत, पण मी तिथेच उकिडवा बसून प्लेट न्याहाळत राहिलो. अॅल्युमिनियमचा पत्रा, अक्षरं दाबून उठवलेली. डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा क्रोमियम होलोग्राम, त्याच्याखाली लेसरने कोरलेला वेगळाच क्रमांक, जो वाहन डेटाबेसमध्ये आपल्या गाडीच्या नावावर चढतो. आणि मेकॅनिकलवाल्यांनो, खरी गंमत स्नॅप लॉकची! स्क्रू नाहीच. एकदा दाबला की आत अडकतो, काढायचा तर तोडावाच लागतो. एका गाडीची प्लेट गुपचूप दुसरीला लावता येऊ नये म्हणून.

आमच्या ग्रुपमधल्या एका कॉम्प्युटरवाल्याचं म्हणणं, "हे काय पत्रे ठोकत बसलेत? अमेरिकेत डिजिटल प्लेट असते." असते, बरोबर आहे. कॅलिफोर्नियात २०१८ मध्ये प्रयोग सुरू झाला आणि २०२२ च्या कायद्याने सर्वांना परवानगी मिळाली. रिव्हायव्हर नावाच्या कंपनीची प्लेट म्हणजे किंडलसारखा ई-इंक पडदा. बारीक कॅप्सूलमध्ये काळे-पांढरे भारित कण असतात, व्होल्टेज दिलं की वर-खाली होतात आणि करंट बंद केला तरी तिथेच राहतात. म्हणून बॅटरी फार खात नाही. नोंदणीचं नूतनीकरण झालं की आकडा आपोआप बदलतो, गाडी चोरीला गेली तर प्लेटवर तसं दाखवता येतं. आहे की नाही भारी?

पण २०२३ च्या जानेवारीत काही संशोधकांनी जाहीर केलं की कंपनीच्या सिस्टीममध्ये शिरून त्यांना कोणाची गाडी कुठे आहे ते दिसत होतं. ते भोक कंपनीने बुजवलं. २०२४ मध्ये मात्र आयओअॅक्टिव्हच्या जोसेप रॉड्रिगेझ यांनी प्लेटच्या मागे वायर जोडून फर्मवेअरच बदललं. मग मोबाईलवरून हवा तो नंबर! म्हणजे रेडियमवाल्याकडे जायचेही कष्ट नाहीत. दोष चिपमध्येच, त्यामुळे सॉफ्टवेअर अपडेटने जाण्यासारखा नव्हता. माझं मत विचाराल तर आपला पत्राच बरा. जी वस्तू बदलू नये म्हणूनच बनवायची, ती बदलता येईल अशी का बनवावी?

अर्थात पत्र्याचंही सगळं सोनं नाही. चौकातला कॅमेरा फक्त मोठा नंबर वाचतो. लेसरचा बारीक क्रमांक जवळ वाकून पाहावा लागतो. म्हणजे माझ्या नंबरची ती स्कूटर कॅमेऱ्यापुढून उद्याही जाईल आणि मेसेज पप्पांनाच येईल. फरक एवढाच की आता कुणी हवालदाराने तिला थांबवून होलोग्राम पाहिला, तर गाडी तिथेच अडकेल.

परत येताना पारोळ्याला चहाला थांबलो, तेव्हा शेजारच्या टेबलावरचे एक काका गाडीकडे बघून म्हणाले, "बसाडी का रे नवी पाटी? आम्हले तारीख वाढेल म्हणतस." मी त्यांना स्कूटरची गोष्ट सांगितली. चहा अर्धा ठेवून ते आपल्या गाडीचा नंबर बघायला उठले.

ती स्कूटर अजून सापडलेली नाही.