बोगद्याच्या तोंडाशी कोणी थांबायचे?

मुंबईचा किनारी रस्ता आता पूर्णपणे वाहता झाला आहे. मार्च 2024 मध्ये वरळीहून मरीन ड्राइव्हकडे येणारी बाजू उघडली, जूनमध्ये परतीची उघडली आणि जानेवारी 2025 पर्यंत हा रस्ता वरळी-वांद्रे सागरी सेतूशी दोन्ही बाजूंनी जोडला गेला. मलबार हिलच्या पोटातून दोन किलोमीटरांहून थोडे लांब असे दोन जुळे बोगदे गेले आहेत. खर्च 14,000 कोटी रुपयांच्या घरात आणि तो मुंबई महानगरपालिकेच्या तिजोरीतून झालेला. मात्र या रस्त्यावर दुचाकीला मज्जाव, रिक्षाला मज्जाव, सायकलला मज्जाव. मुंबईत नोंदलेल्या वाहनांत निम्म्याहून जास्त दुचाकी आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे रस्ता कोणासाठी बांधला हे वेगळे सांगावे लागत नाही.

सावंतवाडीत बसून या रस्त्याची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. सिंधुदुर्गातल्या आपल्या वस्त्यांमध्ये ज्या घरातला कोणी मुंबईत पोट भरत नाही असे घर शोधावे लागेल. दुसरे असे की मुंबईत जे तत्त्व ठरते ते उद्या मुंबई-गोवा महामार्गावरून आपल्या दारात येते. म्हणून हा प्रश्न नीट समजून घेतला पाहिजे.

बोगदा झाला की कोंडी संपते, हा समज चुकीचा आहे. किनारी रस्त्यावर एका दिशेला चार मार्गिका आहेत, बोगद्यात तीन. रस्त्याची एक मार्गिका ताशी साधारण 2,000 वाहने नेऊ शकते. त्यापेक्षा जास्त घुसली की पुढचा ब्रेक दाबतो, मागचा त्याहून जोरात दाबतो आणि काही मिनिटांत सगळी रांग उभी राहते. एकदा रांग तुंबली की तोच रस्ता आधीपेक्षा कमी वाहने बाहेर सोडतो. गर्दीच्या दिवशी एसटी स्टँडवर गाडीच्या दाराशी काय होते ते आठवा. सगळे एकदम चढायला गेले तर दारातच अडकतात. कंडक्टरने एकेकाला चढवले तर गाडी लवकर भरते. बोगद्याचे तोंड म्हणजे एसटीचे दारच आहे.

परदेशात यावर रॅम्प मीटर नावाचा उपाय आहे. मुख्य रस्त्यावर चढणाऱ्या रॅम्पवर एक सिग्नल असतो. रस्त्याखाली पुरलेली यंत्रे पुढची गर्दी मोजतात आणि त्या हिशेबाने तो सिग्नल काही सेकंदांनी एकेक गाडी आत सोडतो. 1963 साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात याची सुरुवात झाली तेव्हा यंत्रही नव्हते. एक पोलीस रॅम्पवर उभा राहून हाताने गाड्या सोडत असे. न्यूयॉर्कच्या हॉलंड बोगद्यात त्याच सुमारास प्रयोग झाले. गाड्या मधूनमधून रोखून सोडल्या तर एकूण जास्त गाड्या पार होतात, असे तिथे दिसून आले.

बोगद्यात तर हा जीवनमरणाचा विषय आहे. 24 मार्च 1999 रोजी फ्रान्स-इटलीमधल्या माँ ब्लाँ बोगद्यात एका ट्रकला आग लागली आणि 39 माणसे गेली. आगीमागे वाहने थांबून राहिली होती आणि धुराला वाट नव्हती. म्हणून बोगद्यात गाड्या तुंबू न देणे आणि ज्यांना थांबायचे त्यांना बाहेर थांबवणे, हे शहाणपणाचे आहे. इथवर अभियंत्यांशी आमचे भांडण नाही.

पण खरा प्रश्न इथून सुरू होतो. बाहेर कोणी थांबायचे?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात लोकांनी हाच प्रश्न विचारला. मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत सुमारे 430 रॅम्प मीटर होते. लांबच्या उपनगरातून येणारा मोटारवाला आधीच महामार्गावर चढून सुसाट निघून जातो आणि शहराजवळच्या माणसाला मात्र रॅम्पवर ताटकळावे लागते, अशी तक्रार होती. शेवटी विधिमंडळाने 2000 साली सगळे मीटर आठ आठवडे बंद ठेवायला लावले आणि अभ्यास करवून घेतला. मीटर बंद असताना महामार्गावरून जाणारी वाहने 9 टक्क्यांनी घटली, प्रवासाचा वेळ 22 टक्क्यांनी वाढला, अपघात 26 टक्क्यांनी वाढले. म्हणजे मीटर उपयोगाचे ठरले. पण लोकांची तक्रारही खोटी ठरली नाही. मीटर पुन्हा सुरू करताना, स्थानिक रॅम्पवर चार मिनिटांहून जास्त कोणाला थांबवायचे नाही, अशी मर्यादा घातली गेली. तंत्रज्ञांचे खरे निघाले तरी प्रश्न विचारणाऱ्यांना मूर्ख ठरवले गेले नाही. लोकशाही ती हीच.

आपल्याकडे काय होते? ऑरेंज गेटपासून मरीन ड्राइव्हपर्यंत दुसरा बोगदा खोदला जात आहे. तो झाला म्हणजे पूर्वेच्या बोगद्याची वाहने आणि पश्चिमेच्या बोगद्याची वाहने एकाच मरीन ड्राइव्हच्या परिसरात उतरतील. तिथे आज ना उद्या कोणाला तरी रोखावे लागणार. तो निर्णय कोण घेणार, कोणत्या नियमाने घेणार? ज्या बसमध्ये 50 कामगार उभे आहेत ती बस आणि ज्या मोटारीत एकटा साहेब बसला आहे ती मोटार, या दोघांना सिग्नलने सारखेच थांबवायचे का? गाड्या मोजल्या तर दोन्ही एकेक. माणसे मोजली तर एकीकडे 50 आणि दुसरीकडे एक.

न्यूयॉर्कच्या लिंकन बोगद्याकडे जाणारी एक मार्गिका 1970 पासून सकाळच्या वेळी फक्त बसना दिली आहे. कोविडपूर्वी त्या एका मार्गिकेतून रोज सकाळी सुमारे 1,850 बस आणि 70,000 च्या आसपास माणसे जात होती. मोटारींची कोणतीही मार्गिका याच्या जवळपास पोहोचत नाही. भांडवलशाहीच्या माहेरघरात हे जमते, मग मुंबईत का जमू नये? किनारी रस्त्यावर बेस्टला आणि एसटीला परवानगी आहे. पण नुसती परवानगी आणि अग्रक्रम यांत फरक आहे.

रस्ता हा आपल्या चळवळीचा जुना विषय आहे. 1924 साली वायकोमचा सत्याग्रह झाला तो मंदिराच्या आत जाण्यासाठी नव्हता, मंदिराभोवतालच्या रस्त्यावरून चालता यावे म्हणून होता. पुढे घटनेच्या कलम 15 (2) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याबरोबर रस्तेही आले. वकील म्हणून मी इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. त्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान एवढीच कारणे आहेत. वाहनाचा प्रकार त्यात नाही. तेव्हा दुचाकीबंदीला जातिभेद म्हणून कोर्टात गेलो तर टिकणार नाही. घोषणा देणे सोपे असते, युक्तिवाद उभा करावा लागतो.

तो युक्तिवाद आहे. कलम 14 प्रमाणे वर्गीकरणाला वाजवी आधार हवा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 115 खाली वाहनांवर निर्बंध घालता येतात, पण सार्वजनिक सुरक्षितता, सोय किंवा रस्त्याचे स्वरूप हेच कारण असावे लागते आणि निर्बंध महिन्याहून जास्त चालणार असेल तर राजपत्रात अधिसूचना लागते. माहिती अधिकार कायदा 2005 च्या कलम 4 प्रमाणे लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना त्यामागची तथ्ये प्रशासनाने आपणहून मांडायची असतात. आणि 1986 साली हिमाचल प्रदेश विरुद्ध उमेदराम शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोंगरी भागातल्या रहिवाशांचा रस्त्याचा हक्क थेट जगण्याच्या हक्काशी जोडला. त्या गावांतले अर्जदार बहुतांशी आपलेच दलित बांधव होते, हे किती जणांना माहीत आहे?

सरकारला अग्रक्रम ठरवता येत नाही असे नाही. दर गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी घातली जाते. माल थांबतो आणि माणूस पुढे जातो. सप्टेंबर 2023 मध्ये कशेडीचा एक बोगदा सणाच्या तोंडावर कोकणात येणाऱ्या हलक्या वाहनांसाठी खुला केला गेला. म्हणजे मनात आणले की माणसे मोजता येतात. प्रश्न एवढाच की चाकरमान्याला सणाचे चार दिवस मिळणारा अग्रक्रम कष्टकऱ्याला वर्षाचे 365 दिवस का नाही?

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. बोगद्याच्या तोंडाशी नियंत्रण येईल तेव्हा गाड्या नव्हे, माणसे मोजा. बसला रॅम्पवर वेगळी वाट द्या. कोणालाही किती मिनिटांपेक्षा जास्त थांबवणार नाही, ते लिहून जाहीर करा. दर वर्षी आकडे लोकांपुढे ठेवा. दुचाकीवाल्याला आत घ्यायचे नसेल तर तेवढ्याच वेळात पोहोचवणारी स्वस्त बस त्याला द्या.

थांबायला आमची ना नाही. रांगेत उभे राहणे आम्हाला नवे नाही. पण रांग सर्वांची एकच असली पाहिजे आणि तिचा नियम भिंतीवर लिहिलेला असला पाहिजे.